तारेने आवळलेलं बूच

वाइनच्या कारखान्यात बाटल्यांना बुचं ठोकण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला दुसरं काय नाव पडणार? सगळे त्याला बुचकाका म्हणत. माणूस वाळक्या शेंगेसारखा, पण तळहात म्हणजे फळी. यंत्र रुसलं की गडी हातानेच ठोकायचा. घरातल्या तेलाच्या बाटलीचं झाकणसुद्धा असं बसवायचा, की ते काढायला बायकोला शेजाऱ्याला हाक मारावी लागे.

भ्यायचा तो एकाच गोष्टीला. कामावरच्या सोबत्याच्या हातात एकदा बाटली फुटली आणि त्याचा डोळा गेला. तेव्हापासून भरल्या बाटलीवर बुचकाका कधी तोंड वाकवत नसे.

गावी थोरल्या बहिणीने, अक्काने, अंथरूण धरलं. आईमागे तिनेच त्याला वाढवलेला. तिने निरोप धाडला, "जन्मभर दुसऱ्यांच्या बाटल्या भरल्यास, मेल्या. मी डोळे मिटायच्या आत मला एक घोट तरी पाज."

मग काय! मालकाला विचारून त्याने कोपऱ्यातल्या टाकीतून दोन बाटल्या भरून घेतल्या. बुचं ठोकली. वाटेत धक्के बसणार, बूच निसटलं तर सगळे कपडे लाल होणार, म्हणून वरून तार आवळली. बाटल्यांना लोकरीचे मोजे चढवले, अक्कासाठी घेतलेल्या नव्या ब्लँकेटमध्ये गुंडाळल्या आणि बॅगेच्या पोटात मधोमध निजवल्या. दोन दिवस बॅग खोलीत तशीच बांधून ठेवलेली.

"पोटच्या पोरांना कधी एवढं गुंडाळलं नाहीत," बायको म्हणाली.

बस गच्च भरलेली. बुचकाकाला पुढची, इंजिनाला लागून असलेली जागा मिळाली. पायाखालचा पत्रा तव्यासारखा तापलेला. बॅग पायाशीच होती. शेजारच्या बाईची चिमुरडी खाली आईच्या पिशवीवर बसली आणि मऊ बॅगेवर डोकं टेकून झोपून गेली. बुचकाकालाही बरं वाटलं. तेवढ्यात कारखान्यातल्या टाकीवाल्याचा फोन आला.

"काका, कोणत्या टाकीतली घेतलीत?"

"कोपऱ्यातली."

"अहो, ती अजून आंबतेय! गार ठेवली म्हणून गप्प होती. ऊब लागली की आत वायू धरून उठेल. बुचं सैल ठेवलीत ना?"

सैल कुठली! ठोकलेली, वरून तार, वरून लोकर, खाली इंजिन. पक्षीणसुद्धा अंडी इतक्या मायेने उबवत नसेल. जीव लावून त्याने बॅगेत सुरुंग भरला होता, आणि त्याच्यावर एक लेकरू घोरत होतं.

ओरडावं तर बसमध्ये चेंगराचेंगरी व्हायची. बॅग ओढावी तर धक्का लागायचा. डोळ्यांपुढे सोबत्याचा तो चेहरा आला, बोटांमधून रक्त गळणारा.

"ताई, पोरीला उचला."

"का हो? तुमची बॅग झिजतेय काय?"

"पाया पडतो. आधी उचला."

त्याचा आवाज ऐकून बाईने पोरीला उचललीच. मग बुचकाका कंडक्टरवर खेकसला, "गाडी थांबव!"

"काका, लघवीला आत्ताच तर थांबलो होतो."

"बॅगेत फुटणारी बाटली आहे, बाबा!"

गाडी थांबली. तान्हं मूल न्यावं तशी बॅग दोन्ही हातांनी धरून तो उतरला. काचांवरून चालत असल्यासारखा रस्त्यापासून लांब गेला. बॅग हळूच उघडली. मान फिरवून, ब्लँकेटच्या घडीआडून पहिल्या बाटलीची तार सोडली. बूच सुटलं ते थेट झुडपात. फेस भळभळला, अर्धी बाटली उरली.

"आटपा की हो! लोक खोळंबलेत," कंडक्टर दारातून ओरडला.

बुचकाकाने दुसऱ्या बाटलीवर ब्लँकेट दाबलं, आणि फाडकन आवाज झाला. तो मागच्या मागे बसला. डोळे मिटलेले. ते उघडायची हिंमत होईना. आधी बोटाने चाचपले, मग एक उघडला, मग दुसरा. दोन्ही शाबूत. ब्लँकेट लालभडक, आत काचांचा चुरा.

"काका, घाई नाही हं," दोन पावलं मागे सरकून कंडक्टर म्हणाला. "सावकाश होऊ द्या."

काचा त्याने खड्ड्यात पुरल्या, ब्लँकेट वर टाकून दिलं. पुढचा सगळा प्रवास त्याने ती अर्धी बाटली उघडीच मांडीवर धरून केला. शेजारी कुणी बसलं नाही. फक्त ती चिमुरडी आईच्या खांद्यावरून टक लावून बघत राहिली.

अक्का उशीला टेकून बसली होती. भावाने वाटीत ओतून दिलं. तिने घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं, जीभ टाळूवर फिरवली.

"आंबट आहे. आण अजून थोडी."

ती प्यायली. मग उशाशी औषधाच्या बाटलीचं जाड बूच पडलं होतं ते तिने उचललं, वाइनच्या बाटलीच्या तोंडात कोंबलं आणि तळहाताने त्यावर असा दणका घातला, की बूच पार आत बसलं.

"उघडी ठेवू नये, बाबा. किडेमुंग्या जातात."

बुचकाका असा किंचाळला, की शेजारीपाजारी धावत आले. त्यांना वाटलं, म्हातारी गेली.