कुम्हारीची वरची खोली

मी जर्मनीला निघाले त्या दिवशी विमानतळाच्या वाटेवर बाबांनी कुम्हारीत टॅक्सी थांबवली. आपला रिकामा प्लॉट दाखवत म्हणाले, "रिटायर झालो का प्लांटचं क्वार्टर सोडा लागते. मंग इथं घर बांधीन. वरची खोली तुयी." आई म्हणाली, "आधी पोरीले जाऊ तं द्या." मी हसले. दोन वर्षांचाच तर प्रश्न होता.

नऊ झाली. इथल्या लॅबमध्ये मी थेंब तपासते. बोटभर चिपमध्ये केसाहून बारीक वाटा असतात, त्यांतून तेलात तरंगणारे थेंब एकेक करून जातात. प्रत्येक थेंबात थोडे जंतू, थोडं औषध. औषध लागू पडलं नाही तर जंतू वाढतात आणि थेंब इडलीच्या पिठासारखा आंबतो. खाली सिलिकॉनची तार असते, डोळ्याला न दिसणारी. आंबट थेंब वरून गेला की तिच्यातला करंट बदलतो.

बाबा प्लांटमध्ये वितळलेल्या पोलादाचं सॅम्पल काढायचे, लांब दांड्याच्या चमच्याने. फोनवर माझं काम ऐकून म्हणाले, "म्हंजे तू बी सॅम्पलच काढून राहिली. पह्यल्यावर भरोसा नोको ठेवू." मी ठेवला होता. तार स्थिरावण्याआधीची रीडिंग आनंदाने सरांना दाखवली आणि चांगलीच तोंडघशी पडले.

पण दर रविवारी बाबा विचारायचे, "वापस येशीन ना?" आणि मी म्हणायची, "पुढच्या वर्षी पाहू." प्लांटच्या वसाहतीतल्या सेक्टरांतून बाहेर पडलेल्या तुम्हा सगळ्यांना हे 'पाहू' ठाऊक असेल. मला खोटं बोलायचं नव्हतं, खरं बोलायची हिंमत नव्हती.

यंदा बाबा रिटायर झाले. खालचं घर उभं राहिलं. मागच्या रविवारी त्यांनी फोनवर विचारलं, "मिस्त्री उभा हाय. वरची खोली बांधू का नोको?"

त्याच आठवड्यात मी इथल्या पक्क्या नोकरीवर सही केली होती. आता 'पाहू' म्हटलं असतं तर स्वतःचीच लाज वाटली असती. "बाबा, मी राहायले नाही येणार. सुट्टीत येत जाईन," एवढं बोलले आणि मला रडू कोसळलं.

बाबा मिस्त्रीला हिंदीत म्हणाले, "ऊपर का कमरा बनेगा." आणि मला म्हणाले, "रडू नोको. राहायले आली असती तं खाली आमच्यासंगं कुठंबी मावली असती. पाहुनीले खोली लागते."