भाऊजींचा नावाडी

चित्र बघून रडणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण चित्र काढणाऱ्याचं श्राद्ध घालणारा माणूस अख्ख्या मुलुंडात एकच, आमचे शेजारचे भाऊजी. नात्याचे नव्हेत हो. आमच्या ह्यांच्याबरोबर नोकरीला होते, म्हणून भाऊजी. त्यांच्या हॉलमध्ये खिडकीसमोर एक परदेशी चित्र आहे. म्हणजे छापील प्रतच, पण तसं म्हटलेलं त्यांना खपत नाही. संध्याकाळचं तांबडं पाणी आणि मधोमध काळ्या कोटातला म्हातारा नावाडी, वल्हं मांडीवर टाकून बसलेला. त्याच्याकडे पाठ करून कुणी बसायचं नाही. गणपतीला आलेली मंडळी एका रांगेत, सिनेमाला बसल्यासारखी. बाप्पाकडे पाठ झाली तरी भाऊजींची हरकत नसायची. "बघा ना वहिनी, ह्याला घरी जायचंच नाहीये," म्हणत ते रुमाल काढायचे आणि आमच्या घशात मोदक अडकायचा.

चित्रकार बिचारा उपाशी मेला, मूलबाळ नाही. म्हणून सर्वपित्रीला भाऊजी गच्चीत त्याचं पान वाढतात. मी एकदा म्हटलं, "अहो, तो ख्रिस्ती ना?" तर म्हणाले, "निपुत्रिक गेला, वहिनी. कुणी वाढायचं त्याला?" एका वर्षी कावळा शिवेना. उन्हात ताटकळले, मग म्हणाले, "त्यांच्याकडे तिखट चालत नाही, माझंच चुकलं," आणि खाली येऊन बटाट्याची फिकी भाजी केली. तिच्यावर कावळा लगेच आला.

गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांचं निघालं. पडद्याचा मधला भाग गेलाय, कडेकडेचं दिसेल, तेही किती दिवस सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. उपाय नाही. तेव्हापासून भाऊजी चित्रापुढे मान वाकडी करून बसतात, कोंबडा दाणा बघतो तसे. आधी हसू येतं, मग येत नाही.

परवा म्हणाले, "वहिनी, पाणीही पांढरं दिसायला लागलं. कडासुद्धा गेल्या माझ्या."

मी जवळ जाऊन बघितलं. उन्हाने चित्राचाच रंग उडाला होता. एवढं जपलेलं चित्र, सांगावं की नको? पण सांगितलं.

"नक्की? चित्राचा उडालाय?"

"अहो, धुतलेल्या चादरीसारखं झालंय."

काय खूश झाले म्हणून सांगू. चित्राची वाट लागली आणि हा माणूस मला चहा टाका म्हणतो. अर्धा कप प्यायले. मग हळूच म्हणाले, "आणि नावाडी? तोही उडाला असेल ना?"

नावाडी होता तिथेच होता. त्याच्या कोटाची बटणंसुद्धा दिसत होती मला.

"आहे, भाऊजी. बसलाय."

"बरं," म्हणाले, आणि कप द्यायला हात पुढे केला, तो माझ्यापासून जरा बाजूला. मी सरकून तिथे जाऊन उभी राहिले.