शिट्टीच्या आधी

"पडलं, पडलं, पाण्यात पडलं," काठावरच्या एक बाई ओरडल्या आणि मी उडी मारली.

जळगावच्या एका क्लबचा तलाव. जिल्ह्याच्या शर्यती. मुलींच्या गटात आम्ही चौघीच, म्हणजे पदक न मिळवायलाच कष्ट पडले असते. पण पहिली येईल तीच राज्याच्या शर्यतीला जाणार होती. मी चार नंबरच्या चौथऱ्यावर वाकून उभी. अंगात मामीने छत्रीच्या काळ्या कापडाचा शिवलेला पोशाख. मामीचं म्हणणं, छत्रीला पाणी लागत नाही. बाकीच्या तिघी हसत होत्या. खरं सांगते, मलाही हसू येत होतं.

तेवढ्यात ते ओरडणं. मी तळाशी गेले. हाताला लागलं ते कानातलं. क्लबच्या सेक्रेटरीसाहेबांच्या बायकोचं, त्याच ओरडल्या होत्या. वर येऊन हात पुढे केला. बाईंनी हात मागे घेतला.

"खाली ठेव."

फरशीवर ठेवलं. त्यांनी ते नळाखाली धुतलं, मग कानात घातलं. त्याच पाण्यात त्यांची मुलगी तीन नंबरवरून उडी मारणार होती. ते पाणी चालत होतं. माझा हात चालत नव्हता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही मूर्खासारखी हसले. परत चौथऱ्यावर चढायला गेले तर सेक्रेटरी म्हणाले, "तू बाद. शिट्टीच्या आधी पाण्यात उतरलीस. नियम म्हणजे नियम."

"साहेब, ते कानातलं..."

"ते ठीक आहे. तुमच्या लोकांना सवयच असते. शर्यत वेगळी."

तिघी पोहल्या. मी वाळत ठेवलेल्या छत्रीसारखी भिंतीशी. तीन नंबर जिंकली.

सवय होती, हे खोटं नाही. गिरणाकाठचं आमचं गाव, पाचोरा तालुक्यातलं. वरच्या आळीच्या विहिरीवर आमच्या बायकांनी हंडा भरायचा नाही. पण त्याच विहिरीत कोणाचा हंडा पडला, कोणी जीव दिला, की माझ्या बापाला बोलावणं. आबा उतरायचे, बुडी मारून काढून द्यायचे. ते वर आले की वरच्या आळीचे लोक विहिरीत गोमूत्र शिंपडायचे. त्यांनीच मला गिरणेत पोहायला शिकवलं, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून. आणि एक नियम शिकवला. 'पडलं' असं कोणी ओरडलं की काय पडलं ते विचारायचं नाही. आधी उडी. विचारेपर्यंत माणूस मरतं.

तो नियम पाळला म्हणून मी बाद झाले.

आमच्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून एक कात्रण चिकटवलेलं होतं. किराण्याच्या पुड्याचा कागद. कुठल्याशा दूरच्या देशातली, ऑलिम्पिक जिंकलेली पोहणारी बाई. लहानपणी पाण्याला भ्यायची, रोज पहाटे सराव, खांदा दुखावला तरी सोडलं नाही, शेवटी गळ्यात पदकं. मी आईला वाचून दाखवायची. आई म्हणायची, "तिले सांग, पहाटे उठसच तं दोन हंडा पानी लई ये."

त्यात एक ओळ होती, मी ती नेहमी घाईत टाकून पदकांकडे पळायची. त्या संध्याकाळी तिथेच थांबले. पहिल्या मोठ्या शर्यतीत तिने इशाऱ्याच्या आधीच उडी मारली होती. सगळ्यांना परत बोलावलं. शर्यत पुन्हा सुरू केली. पहिली चूक माफ असते, असा नियमच होता.

आबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ती ओळ दोनदा वाचायला लावली.

"तिनी बी कानातलं काढं का?"

"नही आबा. ती घाबरेल व्हती."

"मंग तुले कसं काय बाद करं?"

मी पेटीचं झाकण आपटून लावलं. रात्रभर कूस बदलत राहिले. नंतरही कुठे पाच मिनिटं बसवेना.

आठवड्याने वरच्या आळीचे नाना दारात. माझ्या बापाला त्यांचा नातूही नावाने हाक मारायचा.

"सखा, हंडा पडना शे इहीरमा. चाल."

आबा उठले. टॉवेल खांद्यावर टाकला. मी दारात आडवी उभी राहिले.

"नाना, मानूस पडना का?"

"नही. तांबाना हंडा."

"मंग तुमीज उतरा."

नाना माझ्या डोक्यावरून आबांकडे बघत म्हणाले, "सखा, पोरीले समजाड."

आबांनी टॉवेल काढला आणि खुंटीला अडकवला. बस, एवढंच. त्या वर्षी गावात आम्हाला कापूस वेचायला कोणी बोलावलं नाही. अमळनेरकडे गेलो.

पुढच्या वर्षी धुळ्याला शर्यतीत उतरले. नियमांचं पुस्तक आधी मागितलं, वाचलं, मगच कपडे बदलले. दुसरी आले. ऑलिम्पिक राहिलंच. आता मी तलावात उतरले की पाणी वीतभर वर येतं, असं माझ्या मुली म्हणतात. म्हणू देत. पण कुठे शिट्टी वाजली, बसकंडक्टरची का असेना, की पायांना अजून सुख नाही.

मुलींना मीच पोहायला शिकवलं. आबांचा नियम अर्धा बदलून. 'पडलं' असं कोणी ओरडलं तर आधी विचारा, माणूस का? माणूस असेल तर कोणाचंही असो, उडी मारा. बाकी काहीही पडू दे, कोणाचंही पडू दे.

चौथरा सोडायचा नाही.