चौथ्या दिवशीचा हात

आम्ही बहिणी लहान होतो तेव्हा आई लोकांच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, रोवण्याला जायची. दिवसभर चिखलात उभं राहून धानाची रोपं रोवायची, त्यानं बोटांत चिखल्या व्हायच्या. पण एक दिवस खाडा केला तर चूल पेटत नसे. घरात चित्र म्हणाल तर खतवाल्याचं कॅलेंडर. त्या घरातून मी नागपूरला चित्रकला शिकायला गेले, हे मी छाती फुगवून सांगते.

शेवटच्या वर्षी तोंडी परीक्षेला माझ्या वाट्याला एक रशियन चित्र आलं. क्रांतीआधीचं, आधुनिक चित्रकलेच्या सुरुवातीचं. पीक कापणाऱ्या बाया. चित्राच्या पाठीवर चित्रकाराच्याच हातची तारीख. पण त्या तारखेच्या आसपासची त्याची चित्रं मऊ, ठिपक्याठिपक्यांची, अन् इथे बायांची अंगं पत्र्याच्या नळकांड्यांसारखी! तारीख खरी मानायची की रंगवण्याची पद्धत? नीट सांगता आलं नाही तर पदवी अडकणार होती.

परीक्षेआधी वरठी स्टेशनला उतरून घरी आले तर रोवणा सुरू. आता ठेक्याची का होईना, बांधी आमची. मलाही चिखलात उतरवलं. चौथ्या दिवशी धुऱ्यावर, बांधीच्या कडेच्या बांधावर, बसून आईला चित्र दाखवलं.

"ह्या बाया कोठीवानी काहून वं? एवढ्या जाड हातानं इळा कसा धरन?"

"तशी पद्धत निघाली होती. पण हा चित्रकार लिहिते का हे पयलेचं हाय. मले तं नंतरचं वाटते."

आईनं बांधीकडे बोट केलं. "हे पाय तुई पयल्या दिवशीची ओळ, साप गेल्यावानी. अन् हे आजची. हात बसला. कोणी कितीबी लिहो, चौथ्या दिवशीचा हात पयल्या दिवशी कुठून येईन?"

मी अशी नाचले की धुऱ्यावरून थेट बांधीत!

"माये पऱ्हे! चेंदा केला पोरीनं!" आई चिरडलेल्या रोपांकडे धावली.

परीक्षेत परीक्षक सर म्हणाले, "तारीख चित्रकारानंच टाकली आहे. तो खोटं बोलतो?"

"ते माहीत नाही, सर. पण नळकांड्यांचा हात ठिपक्यांनंतरच बसलेला आहे. पहिल्या दिवशी ओळ अशी येत नाही."

"हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"आमच्या बांधीत," मी बोलून गेले.

सरांनी चष्मा काढला अन् पोट धरून हसले. मग मला वाकून, फरशीवर पेन रोवत, रोवणा दाखवावा लागला. आधी वाकडी ओळ, मग सरळ.

मी पास झाले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर.