भावाची रेघ आणि जोराची रेघ

त्या दुपारचा झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज अजून माझ्या कानात आहे. तंजावूरच्या राजवाड्यामागची गल्ली, शेतांवरून येणारा ओलसर वारा, आणि मी, गणवेशातला पोलीस अधिकारी, संशयिताच्याच घरी झोपाळ्यावर बसलेलो. आम्हा तंजावूरच्या मराठी घरांत आल्यागेल्याला ऊंजलवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसवतात. पोलीस असला तरी तो आधी पाहुणा. शाळा तमिळमध्ये झाली, देवनागरी मी निवृत्तीनंतर गिरवली, तेव्हा वाचकांनी चुका पोटात घालाव्यात.

देशाचा बाजार नुकताच खुला झाला होता. शेअर हा शब्द काफीच्या पेल्याबरोबर घरोघरी फिरत होता. जवळच्या एका साखर कारखान्याचा भाव चढत आला होता, आणि तो जरा खाली येताच गल्लीतल्या एका निवृत्त गणित शिक्षकांनी शेजाऱ्यांना ते शेअर विकून टाकायला सांगितलं. लोकांनी विकले. त्यानंतर भाव कोसळला. शिक्षकांची मुलगी त्याच कारखान्यात टंकलेखिका होती. दुसऱ्याच सकाळी एक शेअर दलाल ठाण्यात हजर.

"मुलीनं आतली बातमी फोडली," तो म्हणाला. "मी या कानांनी ऐकलंय."

कारखान्यानं मुलीला घरी बसवलं. साहेबांनी मला बजावलं, "तुमचीच माणसं आहेत. हात राखू नका." अटक झाली तर पोरीची नोकरी जाणार, नाव जाणार, आणि आमच्या गल्लीत गेलेलं नाव परत येत नाही. मी अटकेआधी घरी जाऊन चौकशी करायचं ठरवलं.

शिक्षकांनी आलेखाचा कागद माझ्या मांडीवर पसरला. "बैसा निवांत. ही वरची रेघ भावाची. खालची जोराची. आजच्या भावातनं काही दिवसांमागचा भाव वजा केला कीं जोर कळतो. बघा, वरची रेघ नव्या शिखराला गेली. खालचं शिखर मात्र मागच्याहून ठेंगणं."

"मग?"

त्यांनी पायानं झोपाळ्याला रेटा दिला. "वर जातोय ना अजून? पण माथ्याला पोचायच्या आधीच वेग मरतो. मग परततो."

"दर वेळी?"

"छे हो. दोनदां तोंडघशी पडलों. जोर ओसरला, तरी भाव चढतच राहिला. म्हणून मागचा खळगा, म्हणजे आधीचा तळ, मोडून भाव खाली येईतों थांबायचं. तो मोडला, तेव्हां शेजाऱ्यांना सांगितलं."

आतली बातमी असलेला माणूस थांबत नाही, की आपली फजिती सांगत बसत नाही. मला ते पटलं. पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे. रेघा मागाहूनही काढता येतात.

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी मराठीत विचारत होतो, ती तमिळमध्ये उत्तरं देत होती. "नान् ओण्णुम् सोल्ललै, सार." मी काहीच सांगितलं नाही, एवढंच तिचं म्हणणं. बाप म्हणाला, "सरांना पाणी आण गे." ती म्हणाली, "इदो, अप्पा," आणि पाणी घेऊन आली. पेला ठेवून ती पुन्हा दारात जाऊन उभी राहिली. मला फार वाईट वाटलं.

ठाण्यात परतून मी दलालाचा जबाब पुन्हा घ्यायला बसलो. बापलेकीचं बोलणं कुठे ऐकलं, याच्या सकाळच्या जबाबात देवळाचा रस्ता होता, सायकलचा स्टँड होता, मुलीच्या साडीचा रंग होता. आता साडी गेली, आवाज चढला. आणखी एकदा विचारलं तर स्टँडही गेला, आणि तो टेबलावर मूठ आपटून नुसता ओरडू लागला, "चोर आहेत सगळे!" पंखा हळू फिरत होता. मी तिथे असूनही झोपाळ्यावरच होतो. आवाजाची रेघ वर, तपशिलाची खाली. एरवी मी तिथेच त्याच्यावर डाफरलो असतो. पण मास्तर म्हणाले होते, खळगा मोडेपर्यंत थांबायचं. मी त्याच्यासाठी काफी मागवली.

"कोणत्या भाषेत बोलत होती ती दोघं?" मी सहज विचारलं.

"मराठीत! लोकांना कळू नये म्हणून. पण माझा धंदा त्याच गल्लीत, मला सगळं कळतं. मुलगी म्हणाली, 'अप्पा, भाव पडणार, सगळ्यांना विकायला सांगा.'" तिचं वाक्य त्यानं अस्खलित मराठीत म्हणून दाखवलं.

बाहेरच्यांना वाटतं, आमच्या दारांआड मराठीचा पाट वाहतो. खरं तर आईबाप मराठीत बोलतात, मुलं तमिळमध्ये उत्तर देतात. मी शेजाऱ्यांचे जबाब घेतले. एक मामी तर हसायलाच लागल्या. "तिच्या तोंडी मराठी? सार, ती देवाशींही तमिळच बोलत्ये!"

ते जबाब समोर ठेवले, तसा दलाल खुर्चीत खचला. भाव चढतच राहील असं त्यानं अर्ध्या गावाला छातीठोक सांगितलं होतं. आता बुडालेल्या पैशांचं खापर कुणाच्या तरी माथी फोडायला हवं होतं. खोट्या तक्रारीचा गुन्हा त्याच्यावरच दाखल झाला, आणि मुलीची नोकरी राहिली.

कारकिर्दीत पुढे मी चढलेल्या आवाजाला कधी भ्यालो नाही. माणूस किती वर गेलाय यापेक्षा त्याच्यात किती जोर उरलाय ते बघत आलो. पुष्कळदा फसलोही, म्हणून थांबायला शिकलो.

दलालावर गुन्हा दाखल झाला त्या संध्याकाळी बापलेक ठाण्यात सही करायला आले होते. मास्तर माझे आभार मानता मानता थांबेचनात, डोळे पुसत होते. मुलीनं त्यांचा हात धरला.

"अप्पा," ती अडखळत म्हणाली, "घरा चला."

तिच्या तोंडचं मराठी ऐकून मास्तर दारातच थबकले. मग तिच्याबरोबर पायऱ्या उतरले.