बैलाविना पिकलेलं

रोहिणखेडच्या सोजराबाईच्या परसात बैलानं कधी पाय ठेवला नाही. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, म्हणून तेवढा तुकडा ती स्वतः कुदळीनं खणायची. वरवर ढेकळं फोडलेली तिला चालत नसत; पातं पुरतं आत गेलं पाहिजे. खतसुद्धा म्हशीच्या शेणाचं. गल्लीतल्या बाया पंचमीच्या भाजीसाठी तिच्याच दारात यायच्या.

यंदा तिच्या व्रताचं उद्यापन होतं. नवरा गेला, गुडघे सुजले, तरी तिनं एकही पंचमी चुकवली नव्हती. आदल्या दिवशी ओसरीवर भाजी निवडताना ती नातीला म्हणाली, "ऋषीनं रानात जे खाल्लं, तेच हे. तसूभर फरक नाही, प्राची."

प्राची बुलढाण्याला कॉलेजात इतिहास शिकत होती. ती हसली. "आजी, यातलं निम्मं तर ऋषीनं पाह्यलंबी नसंन. मका, लाल भोपळा, रताळी, मिरची, सारं समुद्रापल्याडचं. पाचशे वर्षांखाली गोरे लोक जहाजं घेऊन निघाले, त्यायले नवा मुलूख सापडला. तिथून आलं हे."

"मिरचीबी?"

"हाव, मिरचीबी."

"मंग आंधी लोकं ठेचा कायचा कुटत होते वो?"

"मिरं होतं ना. मिऱ्यासाठीच तर निघाले होते ते."

सोजराबाईच्या हातातलं कणीस सुपात पडलं. "म्हंजे इतक्या वर्सांचं माह्यं व्रत फुकट गेलं?"

तिचा उतरलेला चेहरा पाहून प्राची सावरून बसली. "नाही वो आजी. तिकडं तर नांगराले बैलच नव्हते. सारं हातानंच पिकवत."

"असं!" म्हातारीच्या जिवात जीव आला. "आपल्यासारखंच म्हन की. मंग आता कसे हायत ते लोकं?"

प्राची हळूच म्हणाली, "गोऱ्यायनं मुलूख घेतला. लाखो लोकं रोगराईनं अन् मारानं मेले. राबाले कोनी पुरेना, तवा आफ्रिकेतून माणसं साखळीनं बांधून आणली. त्याच जहाजायनं. अन् शेतात जुंपली."

"माणसं?"

"बायाबी. लेकरंबी."

चारच दिवसांपूर्वी पोळा झाला होता. "बैलालेबी पोळ्याच्या दिवशी कोनी जुंपत नाही," सोजराबाई म्हणाली, आणि सूप बाजूला सारून आत गेली.

सकाळी तिनं ऋषींच्या नैवेद्याला अळू आणि दोडका शिजवला, मिरं घालून. नैवेद्य दाखवल्यावर प्रसाद घ्यायला आलेली शेजारची अन्नपूर्णा म्हणाली, "फिक्की झाली वो काकू. मिरची इसरली का?"

"ऋषीले चालंन."

आपल्या ताटात मात्र तिनं मका, भोपळा, सगळं वाढून घेतलं. खणलं तर तिनंच होतं. मग आणखी एक पान मांडून त्यावर कणीस ठेवलं.

"हे कोनाचं?" अन्नपूर्णानं विचारलं.

"राबले त्यायचं."

"मंग नाव घ्या ना त्यायचं. नावाबिगर नैवेद्य कसा?"

सोजराबाईनं प्राचीकडे पाहिलं. "त्यायची नावं कोनी लिहूनच ठेवली नाही, आजी," प्राची म्हणाली.

उचललेला घास म्हातारीनं ताटात परत ठेवला.