देवभीरू पोट्टे घडवणारे आम्ही बाप

देवभीरू पोट्टे घडवायला निघालेल्या बापांकडं यश कमी आणि किस्से जास्त जमतात. सांगताना हसू येतं, घरी जाऊन आठवलं की घास उतरत नाही. अमरावतीच्या आमच्या चर्चमधले आम्ही काही बाप दर रविवारी उपासना झाली की बसतो. विषय एकच. आपले पोट्टे प्रभूच्या मार्गानं चालणारे पुरुष कसे होतील?

*

पहिल्याच बैठकीचा विषय होता, 'मुलांना वेळ द्या.' चर्चचे पाळकसाहेब बोलले, मग एकेक बाप बोलला. चर्चा अशी रंगली की दुपार कलली! बाहेर येतो तर आवारात एक पोट्टा नाही. निंबाखाली माझी बायको सुनीता तेवढी उभी.

"पोट्टे कुठी गेले?"

"वाट पाहून पाहून गेले घरी. झालं का तुमचं त्यायले वेळ देनं?"

*

प्रभाकर आमच्यातला सगळ्यात उत्साही. वरूडच्या संत्र्यांचा व्यापार. एकदा मुलांच्या रविवारच्या वर्गात खरेपणावर पाठ द्यायला उभा राहिला. बोलला बी छान. मधेच मोबाईल वाजला.

"हो हो भाऊ, मी अकोल्याले हावो ना! उद्या भेटतो!" फोन कापला आणि पुढचा मुद्दा सुरू!

मागच्या बाकावरून त्याचाच मुलगा रोहन म्हणाला, "पप्पा, मंग आमीबी अकोल्यालेच हावो का?"

सगळे हसले. प्रभाकरही हसला. पण त्यानंतर त्यानं पाठ कधी घेतला नाही, आणि रोहनही वर्गाला आला नाही.

*

मग आम्ही पोट्ट्यांचं शिबिर सेमाडोहला नेलं. जंगलात रेंज नाही, म्हणजे मोबाईल सुटेल आणि देवाचं काही कानात जाईल, असा आमचा अंदाज. संध्याकाळी शेकोटीभोवती प्रत्येकाला विचारलं, "देवाचे आभार कशासाठी मानतो रे?"

कोणी म्हणे हरणं दिसली म्हणून, कोणी म्हणे शाळा नाही म्हणून. जोएल नावाचा गप्प पोट्टा म्हणाला, "इथं रेंज नाही म्हणून. मम्मीचा निरोप पप्पाले आन् पप्पाचा मम्मीले सांगा लागत नाही."

त्याचे वडील माझ्या शेजारीच बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी 'ख्रिस्ती कुटुंब' या विषयावर तेच बोलणार होते. काठीनं निखारे सारत राहिले. सकाळी म्हणाले, "माहा घसा बसला."

*

आणि विलासभाऊ. तिवस्याला हायस्कुलात मास्तर, चर्चच्या कमिटीवर, शिस्तीचा माणूस. त्यांचा एकुलता एक मुलगा सॅमी कॉलेज सोडून अकोल्याला निघून गेला. टू-व्हीलरच्या गॅरेजात कामाला लागला, बापाचा फोन उचलेना. एक दिवस विलासभाऊ माझ्याकडं आले. "चाल गड्या संगं. मले एकट्याले हिंमत होऊन नाही राहिली."

गेलो. सॅमीनं दारात बापाला पाहिलं, आत घेतलं. एक खोली, एक चटई. हात धुऊन त्यानं स्वतः भाकरी थापल्या, वांग्याची भाजी वाढली. वाटेत विलासभाऊंनी त्याला काय काय ऐकवायचं ते ठरवलं होतं, त्यातलं काही बोलले नाहीत.

जेवणाआधीच्या प्रार्थनेला ताटावर आम्ही हात जोडले. विलासभाऊंनी एक डोळा किलकिला करून पाहिलं. सॅमीचे डोळे सताड उघडे.

"डोळे मीट," विलासभाऊ जुन्याच आवाजात म्हणाले.

सॅमी चिडला नाही. म्हणाला, "पप्पा, लहानपनी प्रार्थनेत डोळे मिटले का थापड कुठून येईन ते समजे नाही. तवापासून मी उघड्या डोळ्यानंच प्रार्थना करतो." मग म्हणाला, "पन करतो. रोज करतो."

विलासभाऊंचे हात जोडलेलेच.

शेवटी सॅमीनंच "आमेन" म्हटलं आणि बापाच्या ताटात भाकर टाकली. "जेवा पप्पा. थंडी होऊन राहिली."